टेमिन यांनी काय मोजलं

आरटी-पीसीआर हा शब्द २०२० मध्ये गावोगावी पोचला. भारतातला पहिला करोना रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये सापडला, त्याचा नमुना पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) तपासला गेला, आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक घरात कुणाचा ना कुणाचा ‘आरटी-पीसीआर’ चालूच होता. त्यातलं ‘आरटी’ म्हणजे ‘रिअल टाइम’ असं पुष्कळांना अजूनही वाटतं. खरं तर ते ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन’ आहे: आरएनएवरून डीएनए तयार करणं. पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवत नेण्याची क्रिया. तिला डीएनएच लागतो आणि करोनाचा जीनोम (सगळी जनुकीय माहिती) आरएनएचा, म्हणून ही पायरी आधी करावी लागते. ती करणारं एन्झाइम करोनाच्या विषाणूत नसतंच. चाचणीच्या नळीत आपण ते बाहेरून घालतो, आणि ते मुळात उंदराच्या किंवा कोंबडीच्या रेट्रोव्हायरसमधून, म्हणजे आपल्या आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विषाणूंमधून, आलेलं आहे.

हे एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, १९७० मध्ये दोन ठिकाणी एकाच वेळी सापडलं. शोधणारे होते एमआयटीतले डेव्हिड बाल्टिमोर आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातले हॉवर्ड टेमिन. टेमिन यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: एका तरुण शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये म्हटलं की काही विषाणूंच्या आरएनएवरून डीएनए बनतो, सगळे त्याला हसले, सहा वर्षांनी तो खरा ठरला. ही गोष्ट मला अपुरी वाटते. १९६४ चा त्यांचा पुरावा खरोखरच कच्चा होता, आणि तो कच्चा का होता हे समजून घेतलं तरच १९७० चा प्रयोग किती भक्कम होता ते कळतं. शिवाय त्यांची पस्तीस वर्षांची कारकीर्द सलग पाहिली की एकच धागा दिसतो. आधी मोजण्याची पद्धत पक्की करायची, मगच प्रश्न विचारायचा.

टेमिन यांचा जन्म १० डिसेंबर १९३४ चा, फिलाडेल्फियातला. स्वार्थमोर कॉलेजातून १९५५ मध्ये पदवी, मग कॅल्टेकला रेनाटो डल्बेको यांच्या प्रयोगशाळेत पीएचडी. तिथे हॅरी रुबिन राऊस सारकोमा विषाणूवर काम करत होते. हा विषाणू पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवला होता: कोंबडीची कर्करोगाची गाठ वाटून, पेशी आणि जिवाणू अडकतील अशा गाळणीतून गाळून उरलेलं पाणी निरोगी कोंबडीला टोचलं, तर तिलाही गाठ येते. पण विषाणू किती आहे हे कळायला पिल्लांना टोचायचं आणि वाट पाहायची, किंवा अंड्यातल्या पडद्यावर उठणारे ठिपके मोजायचे. दोन्ही पद्धती वेळखाऊ, आणि एका पिल्लाचा आकडा दुसऱ्याशी जुळेलच असं नाही.

राऊस विषाणूने बदललेल्या, म्हणजे कर्करोगी झालेल्या, पेशींचे पुंजके काचेच्या भांड्यात दिसतात, हे मॅनेकर आणि ग्रूपे यांनी १९५६ मध्ये पाहिलं होतं. टेमिन आणि रुबिन यांनी १९५८ मध्ये त्याची मोजणी बसवली. ही ‘फोकस ॲसे’ पद्धत आजही जवळपास तशीच करता येते. दहा-अकरा दिवसांचं कोंबडीचं भ्रूण घ्यायचं, डोकं आणि आतले अवयव काढून टाकायचे, उरलेल्या भागाचे बारीक तुकडे करून ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइममध्ये) पेशी सुट्या करायच्या. एकदा वाढवून, पुन्हा उचलून, ६० मिलिमीटरच्या डिशमध्ये साधारण १० लाख पेशी लावायच्या. विषाणूचे दहा-दहा पट विरल द्राव करून प्रत्येक डिशवर ०.२ मिलिलिटर सोडायचं, तासभर चिकटू द्यायचं, आणि वर पोषकद्रव मिसळलेल्या आगरचा, म्हणजे थंड झाल्यावर जेलीसारखा घट्ट होणाऱ्या पदार्थाचा, थर ओतायचा. आगर ४५ अंशांपेक्षा गरम असेल तर पेशी मरतात. थंड होऊ दिलं तर ओतताना गुठळ्या होतात. दर दोन-तीन दिवसांनी वर थोडा ताजा थर द्यायचा. सहा ते आठ दिवसांत गोलसर, चमकदार, एकमेकींवर चढलेल्या पेशींचे पुंजके दिसू लागतात.

आगर कशासाठी? बाधित पेशीतून बाहेर पडणारा नवा विषाणू द्रवातून डिशभर पसरला तर कुठला पुंजका मूळ विषाणूचा आणि कुठला त्याच्या पिल्लांचा, हे कळणार नाही. आगर त्याला जागीच अडवतो. आता हिशोब बघा: दहा हजार पट विरल केलेल्या द्रवाच्या ०.२ मिलिलिटरमधून ४० पुंजके आले, तर मूळ द्रवात मिलिलिटरमागे २० लाख बाधाक्षम एकक. विषाणू निम्मा केला की पुंजकेही निम्मे होतात. पेशी बदलायला दोन कण एकत्र लागत असते तर निम्म्या विषाणूने पुंजके चौपट घटले असते. म्हणजे एकच कण पुरतो. कर्करोगाला एक विषाणूकण पुरतो, हे विधान इथे पहिल्यांदा सरळ रेषेच्या आलेखावर बसलं.

या पद्धतीत फसगतही होते, आणि त्या प्रत्येक फसगतीतून नवं काहीतरी शिकायला मिळालं. काही अंड्यांच्या पेशींवर पुंजके येतच नसत. रुबिन यांनी १९६० मध्ये दाखवलं की त्या कळपातल्या कोंबड्यांमध्ये आधीच दुसरा एक विषाणू, ल्युकोसिस विषाणू, निवांत राहत असतो आणि तो राऊस विषाणूला आत शिरू देत नाही. म्हणून या कामाला ल्युकोसिसमुक्त कळपाचीच अंडी लागतात. दुसरी अडचण राऊस विषाणूच्या ब्रायन नावाच्या वाणाची. अगदी विरल द्रावातून आलेला एकटा पुंजका उचलून वाढवला तर पेशी बदललेल्या दिसत, पण त्यातून बाधाक्षम विषाणू निघत नसे. हानाफुसा दांपत्य आणि रुबिन यांनी १९६३ मध्ये कारण शोधलं: या वाणाला स्वतःचं बाहेरचं आवरण बनवता येत नाही, ते सोबतच्या मदतनीस विषाणूकडून मिळतं. विरल करताना मदतनीस गळून जातो. ही ‘मदतनीस’ कल्पना टेमिन यांच्या कामात वीस वर्षांनी परत येते.

मोजणी हाती आल्यावर टेमिन यांना एक गोष्ट दिसली जी माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या विचाराचं मूळ आहे. काही पुंजक्यांतल्या पेशी गोल, तर काहींतल्या लांबट, चातीसारख्या. एका प्रकारच्या पुंजक्यातून काढलेला विषाणू नव्या पेशींवर टाकला की पुन्हा त्याच आकाराचे पुंजके येत. म्हणजे बदललेल्या पेशीचं रूप विषाणूची जनुकं ठरवतात, आणि ते रूप पेशी विभागताना पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आरएनएचा विषाणू पेशीत इतक्या स्थिरपणे, जणू तिच्याच गुणसूत्रांचा भाग असल्यासारखा कसा टिकतो? जिवाणूंच्या विषाणूंमध्ये असा प्रकार माहीत होता. त्या सुप्त रूपाला ‘प्रोफाज’ म्हणत. त्या धर्तीवर टेमिन यांनी ‘प्रोव्हायरस’ शब्द वापरला.

१९६० मध्ये ते मॅडिसनला मॅकआर्डल प्रयोगशाळेत आले. जागा तळघरातली होती: पेशी वाढवण्याच्या खोलीत सांडपाण्याची कुंडी, आणि जैवरसायनाच्या खोलीतून अख्ख्या इमारतीचे वाफेचे नळ गेलेले. पेशीसंवर्धन करणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. कुंडीतली ओल म्हणजे बुरशी, आणि बुरशीचा एक कण आठवड्याचं काम घालवतो.

इथे त्यांनी ॲक्टिनोमायसिन डी वापरलं. हे औषध डीएनएत ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीपाशी घुसून बसतं आणि डीएनएवरून आरएनए बनणं थांबवतं. पोलिओसारखा आरएनए विषाणू आरएनएवरूनच आरएनए बनवतो, म्हणून त्याच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही. राऊस विषाणूची निर्मिती मात्र थांबली. त्याशिवाय, बाधा झाल्यानंतर पहिल्या काही तासांत डीएनए-निर्मिती रोखणारी औषधं दिली तर बाधाच रुजत नसे. टेमिन यांनी १९६४ मध्ये निष्कर्ष मांडला: विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनतो, तो पेशीत राहतो, आणि नवा विषाणू त्या डीएनएवरून निघतो.

आता शंका घेणाऱ्यांची बाजू पाहू, कारण ती मूर्खपणाची नव्हती. इन्फ्लुएंझाही आरएनए विषाणू, आणि त्याची वाढही ॲक्टिनोमायसिनने थांबते, हे १९६२ पासून माहीत होतं. इन्फ्लुएंझात डीएनएची पायरी नाहीच. (कारण पुढे कळलं: तो पेशीच्या ताज्या आरएनएची टोकं तोडून आपल्या कामाला वापरतो. पेशीचं आरएनए थांबलं की त्याचंही थांबतं.) म्हणजे औषधाने वाढ थांबली, एवढ्यावरून डीएनए मध्ये आहे असं सिद्ध होत नाही. ही औषधं पेशीचीच सगळी यंत्रणा बिघडवतात. दुसरा पुरावा संकरणाचा होता: विषाणूचा किरणोत्सारी आरएनए बाधित पेशीच्या डीएनएला चिकटतो का? टेमिन यांना फरक दिसला, पण अगदी थोडा. तो थोडाच असणार होता. विषाणूचा जीनोम साडेनऊ हजार अक्षरांच्या आसपास, कोंबडीचा सुमारे एक अब्ज. पेशीत प्रोव्हायरसच्या एक-दोन प्रती असल्या तर शोधायचा तुकडा लाख-दोन लाखांत एक. शिवाय निरोगी कोंबडीच्या डीएनएतही याच कुळातल्या जुन्या विषाणूंचे अवशेष असतात, त्यामुळे कंट्रोललाही (तुलनेसाठीच्या निरोगी नमुन्यालाही) थोडं चिकटतंच. तेव्हाच्या तंत्राने तो फरक आणि उपकरणाची कुरकुर वेगळी करणं अवघड होतं.

टेमिन पुढची सहा वर्षं हटले नाहीत, पण त्याच प्रयोगाला घट्ट धरूनही बसले नाहीत, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या प्रयोगशाळेत बोटिगर यांच्यासोबत केलेला प्रयोग पाहा, तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. पेशींना सीरम (वाढीला लागणारा रक्तद्रव) न देता विभाजन थांबवायचं, म्हणजे त्या स्वतःचा डीएनए बनवत नाहीत. मग विषाणू द्यायचा आणि सोबत ब्रोमोडिऑक्सियुरिडिन. हा थायमिडिनसारखा दिसणारा रेणू नव्याने बनणाऱ्या डीएनएतच शिरतो, आणि तो शिरलेला डीएनए प्रकाशात तुटतो. नंतर डिश प्रकाशात ठेवली. पेशी जगल्या, पुंजके मात्र आले नाहीत. पेशींचा डीएनए जुनाच असल्यामुळे त्यांना धक्का नव्हता. तुटला तो बाधेनंतर बनलेला नवा डीएनए. औषधाने पेशीच आजारी पडली, हा आक्षेप इथे टिकत नाही.

दुसरा धागा सातोशी मिझुतानी यांच्याकडून आला. स्थिर पेशींना प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध आधीच देऊन विषाणू घातला, तरी प्रोव्हायरस तयार झाला. म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम बाधेनंतर नव्याने बनत नाही, ते आधीच कुठेतरी तयार असतं. एक शक्यता, पेशीत. दुसरी, विषाणूच्या कणातच. कणात एन्झाइम असू शकतं हे देवीच्या कुळातल्या व्हॅक्सिनिया विषाणूत १९६७ मध्ये दिसलं होतं. डेव्हिड बाल्टिमोर यांना एमआयटीत व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूच्या कणात आरएनए बनवणारं एन्झाइम नुकतंच मिळालं होतं, आणि त्याच वाटेने तेही इथवर आले.

हा प्रयोग नळीतला आणि दिसायला साधा आहे. विषाणू असलेला द्रव आधी कमी वेगाने फिरवून पेशींचे तुकडे काढायचे, मग अल्ट्रासेंट्रीफ्यूजमध्ये विषाणू खाली बसवायचा आणि सुक्रोजच्या चढत्या घनतेच्या स्तंभात शुद्ध करायचा. हे कण १.१६ ग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास थांबतात. ही पायरी टाळली तर पेशीची स्वतःची डीएनए पॉलिमरेज (डीएनए बनवणारी एन्झाइमं) सोबत येतात आणि खोटा आकडा देतात. मग नॉनिडेट नावाच्या सौम्य डिटर्जंटने विषाणूचं तेलकट आवरण उघडायचं. कमी पडलं तर घटक आत पोचत नाहीत, जास्त झालं तर आतला गाभाच सुटतो आणि लांब डीएनए बनत नाही. ट्रिस बफर, पीएच ८ च्या थोडं वर, मॅग्नेशियम, डायथायोथ्रायटॉल, चारही डीऑक्सिन्यूक्लिओटाइड (डीएनएचे सुटे घटक), त्यांतलं थायमिडिनचं ट्रिशियमने किरणोत्सारी केलेलं. ऊब देऊन ठेवायचं, मग बर्फगार ट्रायक्लोरोअसेटिक ॲसिड ओतायचं. लांब साखळ्या साक्याप्रमाणे खाली बसतात, सुटे घटक विरघळलेले राहतात. गाळणीवर धरून, धुऊन, मिनिटाला किती किरणोत्सारी ठिणग्या पडतात ते मोजायचं.

प्रयोगाचा कस लागतो तो कंट्रोलवर. चारांतला एक न्यूक्लिओटाइड काढला की आकडा कोसळला पाहिजे, नाहीतर एन्झाइम साचा वाचून साखळी घडवत नाही, नुसती टोकाला अक्षरं चिकटवतंय. बनलेला पदार्थ डीएनेजने (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने) नाहीसा झाला पाहिजे आणि आरएनेजने (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमने) टिकला पाहिजे, म्हणजे तो डीएनएच. आणि सगळ्यांत निर्णायक: डिटर्जंटने उघडलेला विषाणू आधी आरएनेजसोबत ठेवला तर क्रिया मंदावली पाहिजे, कारण साचा आरएनएचा आहे. टेमिन आणि मिझुतानी यांना हे सगळं मिळालं. बाल्टिमोर यांनाही, रॉशर यांच्या उंदीर-ल्युकेमिया विषाणूत आणि राऊस विषाणूत. टेमिन यांनी मे १९७० मध्ये ह्यूस्टनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत हे सांगितलं, आणि दोन्ही निबंध ‘नेचर’च्या २७ जून १९७० च्या अंकात लागोपाठच्या पानांवर आले. सहा वर्षांचा वाद काही आठवड्यांत संपला, कारण ज्याच्याकडे विषाणू होता तो आठवड्याभरात हे करून पाहू शकत होता.

‘मध्यवर्ती सिद्धांत उलटला’ असा गाजावाजा झाला, तो मात्र जरा चुकीचा. माहिती डीएनएवरून आरएनएकडे आणि तिथून प्रथिनाकडे जाते, हा तो सिद्धांत. फ्रान्सिस क्रिक यांनी ऑगस्ट १९७० मध्ये स्पष्ट केलं की आरएनएवरून डीएनएकडे माहिती जाणं त्यांनी कधीच अशक्य म्हटलं नव्हतं. अशक्य म्हटलं होतं ते प्रथिनाकडून परत येणं.

एन्झाइम आहे, पण विषाणूला ते खरंच लागतं का? याचं उत्तर जनुकशास्त्राने दिलं. हानाफुसा यांना १९७१ मध्ये राऊस विषाणूचा असा प्रकार मिळाला ज्याच्या कणात हे पॉलिमरेजच नव्हतं, आणि तो बाधा करू शकत नव्हता. १९७२ मध्ये हिल आणि हिलोवा यांनी राऊस विषाणूने बदललेल्या पेशींचा नुसता डीएनए कोंबडीच्या पेशींत घातला आणि त्यातून पूर्ण विषाणू बाहेर आला. प्रोव्हायरस डीएनए असतो याहून सरळ पुरावा नाही. त्याच वर्षी तीन प्रयोगशाळांनी हे एन्झाइम वापरून हिमोग्लोबिनच्या आरएनएवरून डीएनए बनवला. तिथून सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून नळीत बनवलेला डीएनए, हे रोजचं साधन झालं.

आज हे साधन वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. कोंबडीच्या मायलोब्लास्टोसिस विषाणूचं एन्झाइम ४२ अंशांना चांगलं चालतं, पण त्याची आरएनेज-एच क्रिया (डीएनएशी जोडलेला आरएनए कापण्याची) जोरदार असल्याने साचाच कापला जातो आणि लांब सीडीएनए तुटका येतो. उंदराच्या मोलोनी विषाणूचं मूळ एन्झाइम ३७ अंशांचं. तेवढ्या तापमानाला आरएनएच्या घड्या उलगडत नाहीत. म्हणून हल्ली किटमध्ये मोलोनी एन्झाइमचीच बदल केलेली रूपं असतात, आरएनेज-एच घटवलेली, ५० अंश आणि त्यापुढे टिकणारी. आणि ‘आरटी न घातलेली’ नळी प्रत्येक वेळी लावाच. जनुकांच्या अभिव्यक्तीच्या कामात तिच्यात सिग्नल आला तर तुम्ही आरएनए नव्हे, नमुन्यात राहिलेला डीएनए मोजताय.

१९७५ चं नोबेल टेमिन, बाल्टिमोर आणि डल्बेको यांना मिळून मिळालं. स्टॉकहोममध्ये टेमिन यांनी धूम्रपानाविरुद्ध बोलण्याची संधी सोडली नाही: कर्करोग टाळण्याचा हाताशी असलेला उपाय लोक वापरत नाहीत, याचा त्यांना मनापासून राग होता. ते स्वतः कधी सिगारेट ओढले नाहीत, तरी ९ फेब्रुवारी १९९४ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले.

नोबेलनंतरचं त्यांचं काम कमी सांगितलं जातं, आणि मला ते पहिल्याच्या तोडीचं वाटतं. विषाणूची जनुकं काढून त्या जागी हवं ते जनुक घालायचं, आणि आवरणाची प्रथिनं वेगळ्या पेशीकडून पुरवायची. ब्रायन वाणाचा मदतनीस इथे मुद्दाम बांधला गेला. शिनिची वातानाबे आणि टेमिन यांनी १९८३ मध्ये स्प्लीन नेक्रोसिस विषाणूच्या कुळातून अशा मदतनीस पेशी तयार केल्या: त्यांच्यातला प्रोव्हायरस सगळी प्रथिनं बनवतो, पण त्याच्या आरएनएला कणात भरण्याची खूण काढून टाकलेली असते. त्यामुळे कणात जातो तो फक्त आपण दिलेला जीनोम, म्हणजे हवं ते जनुक नेणारा ‘वाहक’. असा कण एका पेशीत शिरतो, डीएनए बनतो, जोडला जातो आणि थांबतो. धोका एकच: मदतनीस आणि वाहक यांच्यात पुनर्संयोग होऊन पुन्हा स्वतंत्र वाढणारा विषाणू तयार होणं. म्हणून पुढे मदतनीसाची जनुकं दोन वेगळ्या तुकड्यांवर विभागण्याची रीत आली.

जनुकोपचारात या वाहकांचं महत्त्व मोठं आहेच, पण टेमिन यांनी त्यात आणखी एक गोष्ट पाहिली: विषाणूची एकच फेरी. फेरी एकच असेल तर त्या फेरीत किती चुका होतात ते मोजता येतं. विनय पाठक यांच्यासोबत १९९० मध्ये त्यांनी हे केलं. वाहकात लॅक-झेड जनुकाचा तुकडा घालायचा, एका फेरीनंतर पेशीतला प्रोव्हायरस काढून जिवाणूंत वाढवायचा. जनुक शाबूत असेल तर वसाहत निळी, बिघडलं असेल तर पांढरी. पांढऱ्या वसाहती मोजायच्या आणि त्यांतला डीएनए वाचून चूक कुठली ते पाहायचं. १९५८ चे पुंजके आणि १९९० च्या पांढऱ्या वसाहती, हात तोच.

हीच पद्धत लुई मॅन्स्की यांनी टेमिन यांच्यासोबत एचआयव्हीला लावली. निबंध १९९५ मध्ये, टेमिन गेल्यानंतर आला. एका फेरीत दर अक्षरामागे चुकीचं प्रमाण ३.४ लाखांश, म्हणजे एक लाख अक्षरांत साधारण साडेतीन. शुद्ध केलेलं एन्झाइम नळीत यापेक्षा बऱ्याच जास्त चुका करतं. नळीतल्या आकड्यावर विसंबलं असतं तर अंदाज चुकला असता. एचआयव्हीचा जीनोम सुमारे ९,७०० अक्षरांचा, म्हणजे तीन नव्या जीनोमांमागे साधारण एक बदल. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी कण तयार होतात. त्या गर्दीत कुठल्याही एका औषधाला चुकवणारा बदल आधीच हजर असतो. तीन औषधांना एकाच वेळी चुकवायला तीन बदल एकाच जीनोममध्ये जमून यावे लागतात, आणि ते फारच दुर्मिळ.

म्हणून औषधं तीन. मुंबईच्या सिप्लाने फेब्रुवारी २००१ मध्ये लॅमिव्हुडिन, स्टॅव्हुडिन आणि नेव्हिरापिन हे त्रिकूट वर्षाला ३५० डॉलरमध्ये, दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत, द्यायची तयारी दाखवली. ही तिन्ही औषधं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजलाच अडवतात. पहिली दोन न्यूक्लिओटाइडचं सोंग घेऊन वाढत्या साखळीत शिरतात आणि पुढचं अक्षर जोडू देत नाहीत. तिसरं एन्झाइमच्या बाजूच्या खोबणीत बसून त्याचा हात आखडतं. डोस चुकला की रक्तातली मात्रा घसरते, एन्झाइम पुन्हा चालू लागतं, आणि अपुऱ्या औषधात बनणाऱ्या प्रतींमधून प्रतिकार करणारी प्रत निवडून येते. म्हणून एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात) गोळ्या मोजून देतात आणि उरलेल्या गोळ्या परत आणायला सांगतात.